माळाचे आणे
(जुहू येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



जुहूत उभे राहून मुरमाड माळाविषयी बोलायचे, तर सुरुवात पावसाच्या आकड्याने करणे बरे. २६ जुलै २००५ रोजी इथून जवळच, सांताक्रूझच्या वेधशाळेत, चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तुमच्यापैकी अनेकांनी तो दिवस आणि ती रात्र भोगलेली आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यात, सांगलीच्या आटपाडीत, सोलापूरच्या सांगोल्यात, पुण्याच्या इंदापुरात वर्षाकाठी सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मुंबईत एका दिवसात पडलेल्या त्या पाण्यात तिकडचे जवळजवळ दोन पावसाळे निघतात.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते सर त्या मुलखातून मुंबईत आले आणि इथेच त्यांनी आयुष्यभर शिकवले. गावाकडची जमीन कशी आहे असे कुणी विचारले की ते एका शब्दात सांगत, ‘बरड’. त्या बरड जमिनीबद्दल आज बोलणार आहे. तिच्यावर अन्याय झाला आहे असे माझे मत आहे. तो भावनेच्या भरात बोलण्याचा विषय नसून हिशेबाचा आहे, म्हणून आधी जमीन कशी असते ते पाहू आणि मग हिशेब मांडू.

घाट ओलांडून पूर्वेला उतरले की सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा प्रदेश लागतो. हा काळा पाषाण सगळीकडे सारखा कुजत नाही. त्याला जन्मतःच भेगा असतात. पाणी त्या भेगांतून शिरते, दगडाचे कोपरे आधी झिजतात, मधला गाभा गोल राहतो आणि त्याच्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत जातात. सुटलेल्या थरांचा चुरा म्हणजे मुरूम. महामार्गासाठी टेकडी उभी कापलेली असते तिथे हे गोल गोटे आणि त्यांच्याभोवतीचा पिवळट-तांबूस मुरूम गाडीतूनही दिसतो.

माळावर खड्डा घेतला तर वर वीतभर, कुठे त्याहूनही कमी, करड्या किंवा तांबूस रंगाची माती सापडते. तिच्यात खडे मिसळलेले असतात, कित्येक ठिकाणी निम्म्याने. खाली मुरूम, त्याच्या खाली कुठे मांजऱ्या खडक, कुठे एकदम कातळ. मृदाशास्त्राच्या नियमाप्रमाणे दोन मिलिमीटरहून मोठा कण ‘माती’त धरला जात नाही. प्रयोगशाळेत नमुना चाळतात, खडे बाजूला काढतात आणि उरलेल्या बारीक मातीची तपासणी करतात. माळाच्या शेतकऱ्याला त्या अहवालावर स्फुरद, पालाश, सेंद्रिय कर्ब ‘मध्यम’ लिहिलेले दिसते आणि तो भारी जमिनीइतकेच पीक येईल अशी आशा धरतो. पण शेतात निम्मी जागा खड्यांनी अडवलेली असते, खोलीही वीतभरच असते. अहवालातला आकडा खरा असतो, तो एकरी किती मातीला लागू आहे हे मात्र कुणी सांगत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेवर खड्यांचे प्रमाण आणि मातीची खोली हे दोन रकाने ठळकपणे यायला हवेत, असे मी अनेक ठिकाणी बोललो आहे आणि इथेही बोलतो.

आता पाणी. भारी काळी जमीन मीटरभर खोल असेल तर पिकाला वापरता येईल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी पोटात धरते. त्या ओलीवर पावसाळा संपल्यानंतरही रब्बीची ज्वारी उभी राहते. माळाची वीतभर माती, निम्मे खडे, असे धरले तर हा साठा पंधरा मिलिमीटरांच्या आसपास येतो. उन्हाळी वाऱ्यात झाड आणि जमीन मिळून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज उडवतात. तीन दिवसांत साठा संपला. ‘माळ पाणी धरत नाही’ ही तक्रार अशी अगदी बरोबर आहे.

पण इथेच थांबलो तर अर्धीच गोष्ट कळते. जे पाणी माळाने धरले नाही ते गेले कुठे? भारी चिकण मातीला पहिल्या पावसात भेगा असतात, त्यांतून पाणी आत जाते. माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तासाला काही मिलिमीटर पाणी मुरले तरी पुष्कळ. पुढचा पाऊस शेतातच साचतो किंवा वाहून जातो. चार-चार दिवस वाफसा येत नाही. मुरमाड जमिनीवर गवताचे आच्छादन असेल तर पाऊस पडता पडता आत जातो. पहाटे सरी थांबल्या तर दुपारी तुम्ही तिथे कोरड्या पायाने चालू शकता. माती ओली असते, पण मुळांना हवा मिळेल इतकी मोकळी. शास्त्राच्या भाषेत ज्याला उत्तम निचरा म्हणतात तो हा.

आणि यात एक चकवणारी गोष्ट आहे. कोरड्या काळ्या रानात दहा मिलिमीटरची सर आली तर ते पाणी वरच्या तीनेक सेंटिमीटरांतच अडकते. एक-दोन दिवसांच्या उन्हात उडूनही जाते. तीच सर खडेमिश्रित हलक्या मातीत आठ-दहा सेंटिमीटर खाली उतरते, कारण वाटेत पाणी धरून ठेवणारी बारीक माती थोडी. तिथे ऊन पोचत नाही, गवताची मुळे मात्र असतात. इमॅन्युएल नॉय-मायर या इस्रायली परिसंस्थाशास्त्रज्ञाने १९७३ साली हा मुद्दा नेमका मांडला. भरपूर पावसाच्या मुलखात बारीक कणांची जमीन अधिक वनस्पती पोसते, पण पाऊस एका मर्यादेखाली गेला की क्रम उलटतो आणि भरड जमीन पुढे जाते. ही मर्यादा त्याने ३०० ते ५०० मिलिमीटरांच्या दरम्यान धरली. पुढे १९८८ साली ओस्वाल्दो साला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ पट्ट्याचा अभ्यास केला, तेव्हा ती ३७० मिलिमीटरांवर आली.

माण, आटपाडी, सांगोल्याच्या आपल्या माणदेशाची सरासरी या मर्यादेच्या थोडी वर आहे. पण तिथे सरासरीचे वर्ष क्वचितच उगवते. चांगल्या वर्षी काळी जिंकते, खडतर वर्षी काळीत पेरलेले उगवतही नाही आणि माळावर मात्र दोन सरींवर गवत उभे राहते. माळ हा वाईट वर्षाचा आधार असतो. अर्थात कातळावर बोटभर माती असेल तर तिथे कोणताही सिद्धान्त गवत उगवून दाखवू शकत नाही. खालच्या मुरमाला भेगा हव्यात, मुळांना शिरायला वाट हवी. माळ म्हणजे सगळा एकच, असे मी म्हणत नाही.

पृष्ठभागावरच्या खड्यांबद्दल दोन शब्द. थेंबाचा मारा खडे झेलतात, त्यामुळे खालची माती उडत नाही, तिच्यावर पापुद्रा धरत नाही. वरच्या खड्यांखाली बाष्पीभवन मंदावते. चीनच्या गान्सू प्रांतात शेतकरी मुद्दाम खडी-वाळूचा थर शेतावर पसरतात आणि त्यात टरबुजे पिकवतात. ही रीत तिथे तीनशे वर्षांहून जुनी आहे. आटपाडीकडचे एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले होते, “दगड येचू नगासा, त्येच्याखाली ओल ऱ्हाती.” त्यांनी गान्सूचे नाव ऐकलेले नव्हते.

या जमिनीवर काय उगवते? १९७३ मध्येच दबडघाव आणि शंकरनारायण यांचा भारतातल्या गवताळ आच्छादनाचा मोठा अभ्यास भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. द्वीपकल्पाचा बहुतेक भाग त्यांनी शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्या प्रकारात घातला. त्यातला शेडा हा मुरमाड उंचवट्यांचा, मारवेल खालच्या ओलसर, भारी जमिनीचे. दोन्ही जनावरांना प्रिय. अतिचराई झाली की आधी शेडा जातो, मग पवन्या, डोंगरी विरळ होतात आणि कुसळी माजते. पुढे तीही टिकत नाही. तरवड आणि उघडा मुरूम उरतो. माळावर कोणते गवत आहे हे पाहून त्याची गेल्या वीस-तीस वर्षांतली कहाणी वाचता येते.

कुसळीला सगळे शिव्या देतात. तिचे बी मेंढीच्या लोकरीत घुसते, कातडीत रुतते, आपल्या मोज्यांतही. पण ते असे का घुसते हे एकदा बघा. बियाला मागे लांब केसासारखे शेपूट असते. हवेत दमटपणा आला की ते उलगडते, कोरडी हवा आली की पिळा घेते. दिवस-रात्रीच्या या फिरण्यातून बी खड्यांच्या फटीत स्वतःला खाली खाली रोवत नेते. वीतभर मातीच्या जमिनीवर, जिथे वारा आणि पाणी बी उडवून नेणार, तिथे या गवताने स्वतःची पेरणी स्वतः करण्याची सोय केली. मला तरी मृदाशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा या एका बियाकडून माळाचा स्वभाव जास्त कळला.

याच माळावर माळढोक आपले एकुलते अंडे उघड्या जमिनीवर घालतो. गवत खुरटे हवे, दूरवर नजर जायला हवी, आणि पावसाचे पाणी खाली साचता कामा नये, कारण विणीचा हंगाम पावसाळ्याचा असतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास. पुढे ते बरेच आक्रसले. माळढोक आता महाराष्ट्रात जवळजवळ दिसेनासा झाला आहे. धाविक, पखुर्डी, चंडोल, खोकड आणि लांडगा अजून तग धरून आहेत.

आता हिशेबाकडे वळू. ज्या इंदापूरचे नाव मी सुरुवातीला घेतले, तिथे १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीची नवी पद्धत घालायला सुरुवात केली. त्याआधी प्रिंगल या अधिकाऱ्याने बसवलेला सारा इतका जाचक निघाला होता की इंदापुरातली कित्येक शेते ओस पडली होती. नव्या पद्धतीची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात नीट लिहिली गेली. जमिनीचे तीन प्रकार पाडले. पहिला बारीक, एकसारख्या पोताचा, काळा ते गडद तपकिरी. दुसरा थोडा भरड, बहुधा तांबूस. तिसरा खडेमिश्रित किंवा भुसभुशीत, फिक्या तपकिरी ते करड्या रंगाचा. मग खोली हातांनी मोजायची आणि कोष्टकात बघून सोळांपैकी आणे द्यायचे. पावणेदोन हात खोल काळीला सोळा आणे. तिसऱ्या प्रकारच्या जमिनीला, ती हातभर खोल असली तरी, जास्तीत जास्त सहा आणे. पाव हात खोल असेल तर दोन. चुनखडी, वाळू, उतार, उपळाचे पाणी असे दोष सापडले तर आणखी घट.

मी या कोष्टकाला हसत नाही. शेतकऱ्यावर त्याच्या जमिनीच्या कुवतीपेक्षा जास्त सारा बसू नये, या हेतूने ते बनवले होते आणि आधीच्या पद्धतीपेक्षा ते कितीतरी न्याय्य होते. वर्गकार शेतात जाऊन पहारीने खोली बघत असे. आज उपग्रहाच्या चित्रावरून ‘पडीक’ असा शिक्का मारणाऱ्यांपेक्षा तो जमिनीच्या जवळ होता. पण कोष्टक एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते. या तुकड्यात नांगर घातला तर या तुकड्यातून किती निघेल, एवढाच तो प्रश्न. सारा बसवायला तो पुरेसा होता. पुढे सारा नाममात्र राहिला, आणे मात्र डोक्यात राहिले. लागवडीला अयोग्य ते ‘पोटखराब’, गावाच्या सामाईक माळाला ‘गायरान’, आणि राष्ट्रीय नकाशांत सगळ्यालाच ‘पडीक भूमी’. मोजमापाची पट्टी तीच राहिली.

त्या पट्टीची उणीव जमिनीच्या शास्त्रातच उघड होते. १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या जेफ्री मिल्न या मृदाशास्त्रज्ञाने दाखवले की एका उतारावरच्या माथ्याच्या, मधल्या आणि तळाच्या जमिनी सुट्या नसतात, त्या एका साखळीत असतात. माथ्यावरून जे सुटते ते तळाला जमते. आपल्या दख्खनात हे डोळ्यांना दिसते. माथ्यावर मुरूम, उतारावर मध्यम जमीन, ओढ्याकाठी पुरुषभर काळी. ती काळी आली कुठून? वरच्या पाषाणातून सुटलेला चुना, मॅग्नेशियम आणि बारीक चिकण माती पाण्याबरोबर खाली गेली तेव्हा ती बनली. हा झाला लाखो वर्षांचा व्यवहार. दर वर्षीचाही एक व्यवहार आहे, आणि तो धनगरांच्या हातून चालत आला.

फलटण, माण, खटाव, जत या भागांतल्या मेंढपाळांचे वर्ष तुम्ही जमिनीच्या निचऱ्याच्या डोळ्याने बघा. ज्येष्ठात पहिला पाऊस पडतो तेव्हा कळप माळावर परत आलेले असतात. का? काळ्या रानात पिके असतात हे एक कारण, पण तेवढेच नाही. भिजलेल्या काळ्या चिखलात मेंढी चालू शकत नाही, खुरांत गोळे बसतात. कोकणच्या पावसात राहिली तर खूर सडतात, लोकर भिजून अंग थंडावते. पावसाळ्याचे चार महिने पायाखाली कोरडी राहणारी आणि त्याच वेळी ताजे गवत देणारी जमीन एकच आहे, ती म्हणजे मुरमाड माळ. दिवाळी झाली, पिके निघाली, काळी कडक झाली की कळप खाली उतरतात. कुणी कोकणात जातात, कुणी भीमा-नीरेच्या काठाने, कुणी मराठवाड्याकडे. रिकाम्या शेतात मेंढ्या बसवल्या जातात. कळप रात्रभर शेतात राहतो, लेंडी-मूत मातीत मुरते, शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो.

ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाने खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या देवांचा मागोवा घेत धनगरांच्या वाटा पायाखाली घातल्या. त्याचा या विषयावरचा मूळ जर्मन ग्रंथ १९७६ चा. वस्तीचे, नांगराचे जग आणि त्याबाहेरचे रान ही दोन जगे एकमेकांवाचून चालत नाहीत, हे त्याला देवळांच्या कथांतून दिसले. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांच्या उतारांवर गारगोटीची बारीक हत्यारे वेचत फिरले आणि त्यांनी मांडले की मेंढपाळांच्या या वाटा फार प्राचीन आहेत. दोघेही मृदाशास्त्रज्ञ नव्हते. मला मात्र त्यांच्या लिखाणात जमीन सतत दिसते. जिथे झाडी विरळ, पायवाट कोरडी आणि गवत बारीक, तिथूनच या वाटा जातात.

आता या वाटेवरून काय वाहिले ते मोजा. मेंढी चार महिने माळावर चरते, तिथल्या गवतातले नत्र, स्फुरद, पालाश तिच्या अंगात जाते. उरलेले महिने ती खाली काळीत असते. दर वर्षी माळाच्या गवताचा काही भाग काळीचे खत होतो. बैलांचेही तेच. माणदेशातला खिल्लार बैल माळावरच्या गवतावर वाढला, त्याचे पाय खडकाळ जमिनीवर घट्ट झाले, आणि त्याने नांगर ओढला तो काळीत. गोठ्यातले शेण उकिरड्यावर आणि उकिरडा काळीवर. रासायनिक खत येण्याआधीच्या शेकडो वर्षांत काळीचे पीक ज्या सुपीकतेवर उभे होते, तिच्यात माळाचा वाटा होता. संयुक्त अहवालाच्या कोष्टकात तो काळीच्या नावावर जमा आहे.

पाण्याचेही तसेच. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची चाळीस एकर माळाची जमीन खंडाने घेतली. इंजिनिअर माणूस, पुण्यात कारखाना. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे बघून अस्वस्थ झाला आणि तिथे जाऊन राहिला. त्यांनी माळावर ताली घातल्या, उतारावर गवत-झाडे राखली, पायथ्याशी पाझर तलाव केला आणि त्याच्या खाली विहीर. वरून खाली असा तो एकच नकाशा होता. वर पडलेले पाणी मुरमाने आत घेतले, तलावाने थांबवले आणि विहिरीने दिले. यातून पुढे पाणी पंचायत उभी राहिली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातल्या माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्याचा वाटा, उसाला नाही. साळुंखे २००२ साली गेले. समन्यायी पाणीवाटपाबद्दल त्यांचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे, पण मला त्यांचे आणखी एक मोठेपण दिसते. सहा आण्याची जमीन ही सोळा आण्याच्या विहिरीचा माथा आहे, हे त्यांनी नायगावला करून दाखवले.

काळीच्या सोळा आण्यांत माळाचे आणे मिसळलेले आहेत. माळ पाणी धरत नाही, म्हणून विहिरीला पाणी येते. माळ पावसाळ्यात कोरडा राहतो, म्हणून कळप जगतो आणि काळीला खत मिळते. ज्या गुणाला आपण दोष म्हणून दोन आणे दिले, त्याच गुणावर खालचे गाव पोसले गेले.

फळबागांनी या जमिनीचा एक गुण ओळखला आहे. डाळिंबाच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही, भारी जमिनीत मर रोग झपाट्याने पसरतो; म्हणून सांगोला-आटपाडीच्या मुरमाड जमिनीत ठिबकवर डाळिंब फोफावले. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूरला झाले ते काही योगायोगाने नाही. पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ याच जातीच्या जमिनीचे. बारामतीजवळ माळेगावला २००९ साली स्थापन झालेल्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने तर उघड्या मुरमावरच बागा वाढवण्याचे प्रयोग केले. याचा मला आनंद आहे. पण सगळ्या माळाला बाग करायची म्हटली तर पाणी बाहेरून आणावे लागेल, आणि ते ज्या विहिरींतून येईल त्यांना पाणी देणारा माळच उरणार नाही. बाग उताराच्या खालच्या अंगाला हवी, माथ्याला गवत हवे.

आणि माथ्याचे आज काय चालले आहे? मुरूम हा शासनाच्या लेखी गौण खनिज आहे. रस्ते, प्लॉट, भराव यांसाठी तो डंपरने उचलला जातो. वीतभर मातीसकट मुरूम गेला की त्या जागी पुन्हा गवत येण्याइतकी माती व्हायला माणसाच्या कितीतरी पिढ्या जातील. मुंबईच्या भरावांतही मुरूम गेलेला आहे, याची आपण इथे आठवण ठेवावी.

वृक्षलागवडीबद्दल बोलणे अप्रिय होईल, तरी बोलतो. २०१६ ते २०१९ या वर्षांत राज्यात कोट्यवधी झाडे लावण्याच्या मोहिमा झाल्या. हेतूवर माझा आक्षेप नाही. पण गवताच्या चांगल्या माळावर यंत्राने ओळीने खड्डे घेतले, जुने बुंधे उपटले आणि तिथे गिरिपुष्प किंवा आणखी काही लावले, तर हातचे गवत गेले आणि रोपही दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. माळाची स्वतःची झाडे आहेत: हिवर, बोर, खैर, हिंगण, नेपती. ती विरळ असतात, कारण तेवढ्याच झाडांना पुरेल इतके पाणी त्या भेगांत असते. पाणी अडवायला उतारावर खणतात त्या सलग समतल चरांबद्दलही माझे मत असेच आहे. उघड्या, धुपलेल्या उतारावर चर हवेतच. हिवरे बाजारसारख्या गावांनी त्यांच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली म्हणून त्यांचे डोंगर पुन्हा हिरवे झाले. पण जिथे गवत आधीच जमीन धरून आहे, उतार सौम्य आहे, तिथे चर खणणे म्हणजे चालू विहीर बुजवून दुसरी खणण्यासारखे आहे.

सौर ऊर्जेसाठी गायराने दिली जात आहेत. वीज हवीच. गायरान देण्याआधी त्या माळावर कोणते गवत आहे, कोणाचे कळप येतात, खालच्या कोणत्या विहिरी त्याच्यावर अवलंबून आहेत, हे तीन प्रश्न ग्रामसभेत विचारले जावेत. आज कागदावर उत्तर तयार असते, ते म्हणजे जमीन पडीक आहे.

आता जुहूबद्दल. एकोणिसाव्या शतकात हे साष्टीच्या पश्चिमेचे बेट होते, आणि पायाखालची वाळूही निचऱ्याची जमीन. मुरलेला पाऊस वाळूत खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन राहतो. किनाऱ्यावरच्या विहिरी त्यावरच जगतात. इथे दोन हजारांहून जास्त मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणून ती वाळू फरशीखाली झाकली तरी आपल्याला लगेच काही कमी पडत नाही. पाचशे मिलिमीटरवर ही चैन परवडत नाही.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांची, किंवा तुमच्या भावकीची, तिकडे थोडीफार जमीन आहे. सातबाऱ्यावर पोटखराब किंवा हलकी म्हणून लिहिलेली. कुणी मुरमासाठी विचारतो, कुणी प्लॉटसाठी. निर्णय घेण्याआधी दसऱ्याच्या आसपास एकदा जाऊन या. तेव्हा गवत तुरा टाकलेले असते आणि ओळखू येते. दोन-तीन ठिकाणी हातभर खड्डा घ्या. माती किती बोटे आहे, खडे किती, खालच्या मुरमात मुळे उतरली आहेत का, ते बघा. खड्ड्यात बादलीभर पाणी ओता आणि किती वेळात मुरते ते घड्याळावर लावा. खालच्या अंगाला कोणाच्या विहिरी आहेत ते विचारा, आणि त्या भागातून मेंढपाळांचा कोणता वाडा, कोणते कळप कधी जातात तेही. जमीन उघडी पडलेली असेल तर पहिला पाऊस पडल्यापासून गवत बी टाकेपर्यंत चराई बंद ठेवा, दोन-तीन पावसाळे. बी पडल्यावर गवत विळ्याने कापा, मुळासकट उपटू नका. मग कळपाला मोकळे करा, कारण चरलेच नाही तर जुने गवत वठते आणि नवे फुटत नाही. शेडा किंवा पवन्याचे बी मिळाले तर पहिल्या पावसाआधी खड्यांच्या फटींत टाका, नांगरू नका. कुसळी आली तर निराश होऊ नका, ती वाट मोकळी करून देते. मेंढपाळाशी ठराव करा आणि तो लेखी ठेवा. राखलेले गवत कोणाला, किती दिवस, आणि त्याच्या मेंढ्या पुढे कोणाच्या काळीत बसणार.